हातमोजे

मोटारींच्या हौशी शर्यतीसाठी भाचा कोइमतूरला निघाला, तेव्हा मोठ्या औदार्याने मी माझे जुने कातडी हातमोजे पुढे केले. तो हसून म्हणाला, "मामा, आगीत कातडं आक्रसतं नि हातालाच आवळतं!"

मग आम्ही दुकान गाठले. स्वस्त जोड होता गो-कार्टचा. दिसायला झोकदार, पण आगीपुढे निरुपयोगी. दुसरा नोमेक्सचा. हा धागा वितळत नाही, सहजी पेट घेत नाही. त्यावर एफआयएची '८८५६-२०१८' ही खूण होती. शिवण बाहेरून, म्हणून बोटांना काचत नव्हती.

"पहिलीच शर्यत, मामा. स्वस्तातले चालतील."

मी त्याच्या तर्जनीकडे पाहिले. पाच वर्षांचा असताना एका दिवाळीत त्याने विझलेल्या फुलबाजीची तापलेली तार धरली होती. तो व्रण अजून आहे. ती फुलबाजी मीच त्याच्या हाती दिली होती.

रंगीत, नक्षीदार जोड बाजूला सारून मी खूण असलेला सर्वांत साधा, काळा जोड घेतला. काटकसर करायची ती रंगात, धाग्यात नव्हे.

घरी ताईला किंमत मात्र निम्मीच सांगितली.