आधी कान, मग फोन

साठी ओलांडलेली चार मराठी माणसं हॅरोत एकत्र आली की पूर्वी गुडघ्यांवर बोलायची, आता फोनवर बोलतात. कोणी कुठला घेतला, कॅमेरा कसा आहे, जुना दिल्यावर किती पौंड सुटले. या गप्पांत मी फारसा नसतो, कारण ज्याच्या दोन्ही कानांत मशीन आहे त्याचा प्रश्नच वेगळा असतो. त्याला फोन एकटा घेता येत नाही. फोन आणि मशीन यांचं जमावं लागतं, आणि ही पत्रिका दुकानातला विक्रेता जुळवून देत नाही.

माझी कानाची मशीनं एनएचएसची आहेत. पहिली जोडी २०१६ मध्ये मिळाली, आत्ताची २०२१ मध्ये. इथे ती वापरण्यासाठी उसनी मिळतात, त्यांच्या बॅटऱ्या आणि दुरुस्ती फुकट असते. भारतातल्या नातेवाइकांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. फोन मात्र माझा स्वतःचा, २०१९ मध्ये घेतलेला अँड्रॉइड. त्याला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, आणि मशीनचा आवाज कमीजास्त करायचं जे ॲप आहे त्याची पुढची आवृत्ती या फोनवर चालणार नाही, अशी सूचनाही येऊन गेली. लेकीनं गणपतीतच जाहीर केलं की पाडव्याला बाबांना नवा फोन, आणि तो सगळ्यात वरचा.

"कशाला उगाच खर्च," हे वाक्य आमच्या पिढीच्या तोंडात तयारच असतं. म्हणून मी मुद्दाम ठरवलं की पैशाचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. आधी हे बघायचं की नव्या फोननं मला जास्त ऐकू येईल का.

त्यासाठी थोडी माहिती काढावी लागली. फोनमधला आवाज थेट मशीनमध्ये येतो तो ब्लूटूथवरून, पण सगळ्या मशीनचं ब्लूटूथ एक नसतं. आयफोनशी थेट जोडली जाणारी मशीनं २०१४ मध्ये बाजारात आली. अँड्रॉइडसाठी गूगलनं 'आशा' नावाची पद्धत आणली. हे इंग्रजी आद्याक्षरांवरून झालेलं नाव आहे, पण आपल्या कानाला बरं वाटतं. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून ती फोनमध्ये येऊ लागली. 'आशा'त आवाज एकाच दिशेनं जातो, फोनकडून कानाकडे. आपलं बोलणं फोनच्या माइकनंच टिपायचं, त्यामुळे फोन तोंडाजवळ धरावा लागतो. मग जानेवारी २०२० मध्ये एलई ऑडिओ ही नवी पद्धत जाहीर झाली. ती कुठल्या एका कंपनीची नाही, कमी बॅटरी खाते आणि दोन्ही दिशांनी चालू शकते. अँड्रॉइडमध्ये तिची सोय २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून झाली. पण ती चालायला फोन आणि मशीन दोघांनाही ती यावी लागते. माझ्या मशीनना आयफोनची पद्धत येते, 'आशा' येते, एलई ऑडिओ येत नाही. समोरच्याला कितीही भाषा येत असल्या तरी बोलणं आपल्याला कळणाऱ्या भाषेतच होणार.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. आई ८९ वर्षांची आहे आणि साताऱ्याला ताईकडे असते. तिला इन्सुलिन सुरू आहे. जूनमध्ये एका सकाळी ताईचा साधा फोन आला. "आईची शुगर आत्ता आठ आली," असं मला ऐकू आलं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्याला या वाक्यात काहीच खटकणार नाही. इथे शुगर मिलिमोलमध्ये मोजतात आणि इन्सुलिन घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची आठ म्हणजे ठीकच. पण भारतात ती डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये सांगतात, म्हणजे इथल्या आकड्याच्या अठरा पट. ताईचा आवाज घाबरलेला वाटला म्हणून मी विचारलं, "आठ?" ती ओरडली, "आठ कसली रे, साठ! साठ!" साठ म्हणजे इथले ३.३. तेवढ्यात तिनं आईला साखरेचं पाणी पाजलं होतं. पंधरा मिनिटांनी परत मोजली तेव्हा शुगर वर आली होती. मी मात्र दिवसभर त्या एका अक्षराचा विचार करत होतो.

माझ्यासारख्यांचं ऐकणं जातं ते वरच्या पट्टीतलं. बहुतेक स्वर आणि म, न, ल अशी अक्षरं खालच्या पट्टीत असतात, ती बरी ऐकू येतात. 'स'ची सळसळ मुख्यतः ४००० हर्ट्झच्या वर असते. आणि जुन्या पद्धतीचा साधा फोन कॉल ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे पाठवतो. म्हणजे 'स' आधी तारेत अर्धा गळतो आणि उरलेला माझ्या कानात. चांगले कान असलेली माणसं संदर्भावरून जागा भरून काढतात. पण आकड्याला संदर्भ नसतो. साठचं आठ होतं, सातचं आत होतं. इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलमध्ये, व्हॉट्सॲपवर वगैरे, जाळं बरं असेल तर याहून बराच वरचा आवाज येतो.

मग मी एक परीक्षा घेतली. ताईला वीस शब्द लिहून पाठवले: साठ, आठ, सात, आत, तीस, तीन, साल, शाल, असे. तिनं ते दर वेळी क्रम बदलून वाचायचे आणि मी कागदावर लिहायचे. बायको पर्यवेक्षक. माझ्या जुन्या फोनवर साध्या कॉलमध्ये २० पैकी १२ बरोबर आले, त्याच फोनवर व्हॉट्सॲपवरून १७. मग लेकीचा नवाकोरा आयफोन दोन दिवस मागून घेतला आणि मशीनं त्याला जोडली. साधा कॉल १३, व्हॉट्सॲप १७.

या आकड्यांकडे बघून लेक गप्प झाली. फरक पडला होता तो कॉलच्या प्रकारानं, फोननं नाही. आवाज शेवटी कानात सोडतात ती मशीनं, आणि ती तीच होती. आयफोनवरही फोन तोंडाजवळच धरावा लागला, कारण माझं बोलणं परत पाठवायची सोय माझ्या मशीनमध्येच नाही. नव्या फोनच्या बाजूनं दोन गोष्टी खऱ्या: स्वयंपाकघरात गेलं तरी जोडणी तुटत नव्हती, आणि बॅटरी रात्रीपर्यंत पुरत होती. माझी जुनी बॅटरी दुपारी चारला मान टाकते.

"पण बाबा, आज ना उद्या मशीनं बदलतीलच. फोन आत्ताच घेऊन ठेवू," लेक म्हणाली. हा मुद्दा बिनतोड वाटतो, पण नेमका इथेच पेच आहे. नवी मशीनं कुठल्या कंपनीची मिळतील हे मी ठरवत नाही, क्लिनिक ठरवतं. त्या मशीनसोबत कुठले फोन कुठल्या गोष्टी करतात, याची यादी मशीनची कंपनी देते: कोणत्या फोनवर हात मोकळे ठेवून बोलता येतं, कोणत्यावर फक्त ऐकता येतं. आज आठशे-नऊशे पौंडांचा फोन घ्यायचा आणि उद्या तो त्या यादीत अर्धाच बसायचा, म्हणजे बोहल्यावर उभं राहून स्थळ शोधण्यासारखं आहे.

लेकीनं मग खरी गोष्ट बोलून दाखवली. "मला फोनचं काही नाही. रात्री आजीचं काही झालं आणि आत्यानं फोन केला तर तुम्हाला नीट कळलं पाहिजे." त्यावर मात्र वाद नव्हता.

म्हणून आमचं ठरलं ते असं. पाडव्याला फोन नाही. कानांच्या फेरतपासणीची वेळ झालीच होती, ती नोव्हेंबरची मिळाली आहे. त्या दिवशी लेक माझ्याबरोबर येणार आणि तिथे तीन प्रश्न विचारणार: नव्या जोडीला एलई ऑडिओ येतो का, दोन्ही बाजूंनी बोलणं होतं का, आणि कोणत्या फोनवर. मशीनं हातात आली की महिन्याभरात त्यांच्या यादीतला फोन घ्यायचा. अपडेट नसलेला फोन फार दिवस ठेवायचा नाही, हे मलाही मान्य आहे. तोवर बँकेचं ॲप त्यावरून काढून टॅबलेटवर घेतलं. फोन ऑनलाइन मागवायचा, कारण इथल्या कायद्यानं तसा घेतलेला फोन आल्यापासून चौदा दिवसांत परत करायचं कळवता येतं, आणि ताईचे वीस शब्द तेवढ्या वेळात सहज वाचून होतात.

तोपर्यंत बिनखर्चाचे उपाय चालू आहेत. ताई आता साधा फोन करत नाही, व्हॉट्सॲपवरून करते. शुगर सांगताना "सहा शून्य" असं एकेक अंक सुटा सांगते आणि मीटरचा फोटो पाठवते. गूगलचं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' हे २०१९ चं ॲप माझ्या जुन्या फोनवरही चालतं आणि त्यात मराठी निवडता येतं. टॅबलेटच्या स्पीकरवर ताई बोलते, शेजारी ठेवलेल्या फोनवर तिची वाक्यं उमटतात. ते तिच्या सातारी बोलण्याचे अधूनमधून भलतेच अर्थ लावतं, पण आकडे बहुतेक वेळा बरोबर लिहितं.

आणखी एक सोय अशी, जिचा फोनशी संबंधच नाही. इथल्या अनेक सभागृहांत, बँकांत, पोस्टाच्या काउंटरवर कानाचं चित्र आणि 'टी' हे अक्षर असलेली पाटी दिसते. तिथे जमिनीत किंवा काउंटरखाली तारेचा लूप असतो. मशीनमध्ये टेलिकॉइल असेल आणि क्लिनिकनं तो चालू करून दिला असेल, तर माइकवरचा आवाज थेट कानात येतो. दिवाळीच्या कार्यक्रमाला हॉल ठरवताना आपल्या मंडळानं या पाटीची चौकशी केली, तर मागच्या रांगेत बसून नुसत्या माना डोलावणाऱ्या आम्हा काही जणांना नाटक कळेल.

ज्यांच्या घरी आईवडिलांना या दिवाळीत फोन घ्यायचं चाललं आहे आणि ते कानात मशीन घालतात, त्यांना एवढंच सांगणं: मशीनचं मॉडेल कुठलं ते आधी लिहून घ्या. ते रोज कोणाशी आणि कशावरून बोलतात ते विचारा. आणि परीक्षा घ्यायची तर त्याच माणसाच्या आवाजात घ्या. दुकानातल्या तरुण मुलाचं "ऐकू येतंय ना, अंकल?" सगळ्यांनाच ऐकू येतं.

आमच्या परीक्षेत ताईचे वीस शब्द संपल्यावर आईनं फोन मागून घेतला. ती रोज एकच प्रश्न विचारते. साध्या फोनवर गेली काही वर्षं मला तो "जेवला का?" असा ऐकू यायचा, जणू ती दुसऱ्याच कोणाची चौकशी करते आहे. त्या दिवशी व्हॉट्सॲपवर तो पूर्ण ऐकू आला. "जेवलास का?" नोव्हेंबरात जी मशीनं मिळतील आणि त्यांच्या मागोमाग जो फोन येईल, त्या दोघांनी मिळून मला तो शेवटचा 'स' ऐकवला पाहिजे. कॅमेरा कसाही असला तरी चालेल.