चित्रेच्या खाली

एप्रिलअखेरीस रात्री साडेअकराच्या सुमारास चित्रा दक्षिणेला सर्वांत उंच चढते. तिथून नजर सरळ क्षितिजाकडे उतरवत आणावी. ३२ अंश खाली, नरतुरंगाच्या तारकांमध्ये, सेंटॉरस ए ही दीर्घिका आहे. लंडनला ती कधी उगवतच नाही. पुण्याला मात्र क्षितिजावर २८ अंशांपर्यंत येते, आणि सह्याद्रीच्या एखाद्या अंधाऱ्या पठारावरून द्विनेत्री रोखली, तर धुकट ठिपका होऊन भेटते.

मोठ्या दुर्बिणीतून मी ती पाहिली, तेव्हा तेजापेक्षा तिच्या पोटातून आडवी गेलेली काळी पट्टीच मनात राहिली. जेम्स डनलॉपनं १८२६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पॅरामॅटाहून ही दीर्घिका नोंदवली. पुढच्या दशकात केप ऑफ गुड होपला आलेल्या जॉन हर्शेलनं ती पट्टीही निरखली. पट्टी धुळीची आहे. या लंबवर्तुळाकार दीर्घिकेनं कधीकाळी धूळ आणि वायूंनी भरलेली दुसरी एक दीर्घिका गिळली, तिचे हे अवशेष. केंद्रात काय चाललंय ते याच धुळीआड झाकलं जातं. डोळ्यांना दिसते ती तिनं खाल्ल्याची खूण.

तिनं काय बाहेर टाकलं, हे कळायला समुद्राची मदत लागली. सिडनीजवळ डोव्हर हाइट्सच्या कड्यावर जॉन बोल्टन, गॉर्डन स्टॅन्ली आणि ब्रूस स्ली यांचा अँटेना होता. एखादा स्रोत समुद्रावर उगवला, की त्याच्या रेडिओलहरी एकदा थेट येत आणि एकदा पाण्यावरून परावर्तित होऊन. दोन्ही एकत्र आल्या की नोंदीत चढउतार उमटत आणि त्यावरून स्रोताची जागा काढता येई. मावळतीही टिपता यावी म्हणून १९४८ मध्ये बोल्टन आणि स्टॅन्ली न्यूझीलंडच्या कड्यांवर गेले. १९४९ मध्ये या तिघांनी नरतुरंगातल्या रेडिओस्रोताचं नातं डनलॉपच्या दीर्घिकेशी जोडलं. तरी शोधनिबंधाच्या शीर्षकात त्यांनी ही प्रारणं आपल्याच आकाशगंगेतली म्हटली. मला त्यांचा हा संकोच समजतो. दीर्घिका आहे सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर. एवढ्या लांबून इतकं प्रखर काही येत असेल, हे पचायला वेळ लागणारच.

केंद्रातलं कृष्णविवर सुमारे साडेपाच कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं. त्याच्याकडे ओढलं गेलेलं सगळंच आत जात नाही. काही भाग दोन विरुद्ध दिशांना झोत होऊन सुटतो, आणि केंद्राजवळ त्याचा वेग प्रकाशाच्या निम्म्याच्या आसपास असतो. इव्हेंट होरायझन टेलिस्कोपनं टिपलेली या झोताची प्रतिमा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत झोताच्या कडा उजळ आहेत आणि मधला भाग मंद. पुढे झोत रुंदावतात, मंदावतात, आणि दोन्ही बाजूंना प्रचंड फुगे साठत जातात. या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे १८ लाख प्रकाशवर्षं! डोळ्यांना रेडिओलहरी दिसत असत्या, तर चित्रेखालच्या त्या ठिपक्याच्या जागी १६ पूर्णचंद्र एकावर एक रचावेत एवढा उंच आकार उभा राहिला असता.

फुग्यांमधले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राभोवती घिरट्या घालतात आणि ऊर्जा गमावत जातात. जे सर्वांत जोमदार, ते सर्वांत आधी थकतात. म्हणून झोताचा जुना भाग वरच्या वारंवारतांवर विझलेला असतो आणि खालच्या वारंवारतांवर अजून तेवत असतो. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना खालच्या वारंवारतांच्या याच लांब लहरींवर काम करतात. जुन्नरच्या शेतांमधून जाताना त्या जाळीदार तबकड्या दिसल्या, की वाटतं, म्हाताऱ्या झालेल्या ऊर्जेचं बोलणं ऐकून घेणारं कुणीतरी इथे आहे.

माझं मन मात्र अडकतं ते दृश्य प्रकाश आणि रेडिओ एकमेकांना गाठतात त्या जागेपाशी. केंद्राच्या ईशान्येला, सुमारे ५० हजार प्रकाशवर्षांवर, झोताच्या वाटेलगत तप्त वायूचे बारीक तंतू आहेत. ते १९७० च्या दशकात ऑप्टिकल दुर्बिणींना दिसले. त्याच परिसरात हायड्रोजनचा थंड ढग आहे. त्याचा पत्ता २१ सेंटिमीटरच्या रेडिओलहरींनी दिला. आणि तिथेच निळे, कोवळे तारे आहेत. झोताच्या धक्क्यानं ढग दाबला गेला आणि त्यातून हे तारे जन्मले, असं अनेक अभ्यासक मानतात. गंमत अशी, की सक्रिय दीर्घिकांमधले असेच झोत एरवी उलटंच काम करतात. भोवतालचा वायू ते तापता ठेवतात, आणि वायू निवला नाही तर तारे घडत नाहीत. त्यामुळे उधळणीला संहार म्हणावं की सृजन, याचा निकाल झोत पाहून लागत नाही. वाटेत त्याला काय भेटलं, ते पाहावं लागतं.

जे या दीर्घिकेपाशी राहिलं, ते साठेक हजार प्रकाशवर्षांत मावतं. जे तिला सोडून गेलं, त्यानं तिच्या तीसपट जागा व्यापली, आणि जाता जाता एका थंड ढगात तारेही पेटवले. तेव्हा नकाशावर तिची कड कुठे आखायची, असं कुणी विचारलं, तर मी आधी त्यालाच विचारीन, कुठल्या लहरीतून पाहतोयस?