ओसरीवरचे गाणे

संगीतिका म्हटली की भव्य रंगमंदिर डोळ्यांपुढे येते. परंतु १६०० साली रोममध्ये काव्हालिएरी यांची आत्मा आणि शरीर यांच्या संवादाची संगीतिका सादर झाली, ती संत फिलिप नेरी यांच्या संघाच्या प्रार्थनागृहात. आपल्याकडेही १९७४ पासून प्रायोगिक नाटकांना आसरा दिला तो दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहाने.

गिरगावात खोताच्या वाडीतील लाकडी ओसऱ्या पाहताना मला हे आठवते. नव्या संगीतिकेला येथे चार गायक, एक व्हायोलिन आणि तीस शेजारी पुरेत. गाणाऱ्याचा श्वासही ऐकू येईल. कुणाला परके राहता येणार नाही. मात्र वाडीतील कित्येक जुनी घरे पडली आहेत. भाड्याने सभागृह मिळेल, शेजार मिळणार नाही. तरुणांनो, ओसरी आहे तोवर गाणे रचा.