पिवळ्या पायांची

पाटण तालुक्यातल्या आमच्या घरी कोंबड्या रूपावरून ओळखल्या जायच्या. कवडी, तांबडी, काळी, बोडक्या मानेची. एकीचा तुरा करवतीसारखा उभा, दुसरीचा डोक्याला चिकटलेला. आजी मात्र आधी पाय बघायची. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की म्हणायची, "हिनं लई अंडी घातल्यात, बघ पाय कसं पांढरं पडल्यात."

कारण पुढं कुक्कुटपालनाच्या पुस्तकात सापडलं. मक्यातला, हिरव्या पाल्यातला पिवळा रंग कोंबडीच्या कातडीत साठतो. अंडी सुरू झाली की तो बलकात जाऊ लागतो. चोचीचा रंग आधी उतरतो, पायांचा सगळ्यात शेवटी. कोंबडी खुडूक होऊन 21 दिवस अंड्यांवर बसली की अंडी थांबतात आणि पिवळेपणा हळूहळू परत येतो. आजीची पारख अगदी खरी होती.

पण कातडी पिवळी होण्याचा हा गुण आला कुठून? सगळ्या पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून झाल्या, असं डार्विनचं मत होतं. 2008 मध्ये उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की पिवळ्या कातडीचा जनुक त्याचा नाही. तो बहुधा राखी रानकोंबड्याकडून आला. हा राखी पक्षी तर आपल्याच सह्याद्रीतला! कोयनेच्या, चांदोलीच्या रानात त्याची तुटक बांग आजही ऐकू येते. हे वाचलं त्या दिवशी मला आमचं अंगण जंगलाच्या फार जवळ असल्यासारखं वाटलं.

माझी आत्या शिराळ्याला असते. तिनं बंगळुरात तयार झालेली गिरिराजा आणली. पक्षी वजनदार, अंडी मोठी, पण उबवायला बसायचं नाव नाही. ती अंडी अखेर गावरान कोंबडीखालीच ठेवावी लागली. गावरान वर्षाला पन्नास-साठच अंडी देते म्हणून लोक तिला कमी लेखतात, ते मला पटत नाही. ती घार दिसताच पिल्लांना पंखांखाली घेते, उकिरड्यावर पोट भरते. बोडक्या मानेची तर उन्हाळाही सोसते, कारण उघड्या मानेतून अंगातली उष्णता निघून जाते.

आता संकर घरोघरी पोचला आहे. साताऱ्या-सांगलीतल्या प्रत्येक गावानं आपल्या कोंबड्यांचे तुरे, पाय, माना, पिसं आत्ताच लिहून ठेवावीत, असं मला कळकळीनं वाटतं. आत्याला मी एवढंच सांगितलं, पिवळ्या पायांचा एक गावरान कोंबडा तरी विकू नकोस. तिनं दोन राखलेत.