मेहरूणच्या काठावर एक संध्याकाळ

मेहरूण म्हटले की खान्देशातल्या माणसाला आधी बोरे आठवतात आणि मग तलाव. एके काळचे हे वेगळे गाव आता जळगाव महापालिकेच्या हद्दीत आहे. बोरीची झाडे थोडी राहिली आणि घरे फार झाली. तलाव मात्र जागेवर आहे. सकाळी तेथे फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, अनंत चतुर्दशीला विसर्जनाची गर्दी असते. पण दिवस मावळताना तेथे आणखी एक गर्दी होते आणि ती माणसांची नसते. गेल्या दसऱ्यानंतर ती दाखवायला मी एका पाहुण्याला घेऊन गेलो, त्याची ही हकीकत.

पाहुणे म्हणजे जामनेर तालुक्यातील माझ्या ओळखीचे एक कापूस उत्पादक शेतकरी. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना आप्पा म्हणतो. पहिली वेचणी आटोपून ते कामानिमित्त जळगावला आले होते. चहा झाल्यावर त्यांनी खरा प्रश्न काढला.

"साहेब, आमच्या जुन्या वाड्याच्या माडीवर पाकोळ्यांनी ठाण मांडले आहे. खाली सून-नातवंडे राहतात. वास येतो, लेंड्या पडतात. मिरच्यांचा धूर द्यावा म्हणतो. की एखादे औषध आहे तुमच्याकडे?"

पाकोळ्या म्हणजे लहान जातीची, किडे खाणारी वटवाघळे. उत्तर माझ्याजवळ होते. पण ते खुर्चीत बसून देण्यापेक्षा डोळ्यांनी दाखवलेले बरे, असे वाटले. मी विचारले, "आप्पा, तुमची गाडी कितीची?"

"आठची."

"मग चला मेहरूणला."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. काठाच्या चिखलात लांब लाल पायांचे शेकाटे टोचे मारीत होते. पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. टिबुकली बुडे ती कोठे वर येईल याचा पत्ता लागू देत नसे. गायबगळ्यांचे थवे शिवारातून शहराकडे परतू लागले. दिवसभर नांगरामागे आणि गुरांमागे किडे टिपायचे आणि मुक्कामाला शहरातल्या झाडांवर यायचे, हा त्यांचा रिवाज. भोरड्यांचा एक मोठा थवा वळणे घेत गेला तसे आप्पांचे हात आपोआप गोफणीच्या चालीने हलले. मी म्हटले, "ज्वारीवर या पडतात हे खरे, पण टोळ आणि नाकतोडेही याच खातात." आप्पा नुसते हसले.

सूर्य बुडाला. बगळे स्थिर झाले, टिटवी एकदा ओरडून गप्प झाली. मग पाण्यावर काहीतरी सटकन गेले. पुन्हा एक, मग चार, मग मोजता येईनात. पाकोळ्या उडता उडता पाण्याला तोंड लावून पीत होत्या आणि वर उठून दिव्यांभोवतीचे पतंग टिपीत होत्या. इतक्या गर्दीत एकीचा दुसरीला धक्का नाही. आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज त्या काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारातला पतंग कोठे आहे हे ओळखतात.

आप्पा म्हणाले, "हीच ती आमच्या माडीवरची!"

तेव्हा मी त्यांना माझ्या मुलीने सांगितलेली गोष्ट सांगितली. ती अमेरिकेत टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात असते. त्या शहराच्या मध्यातून नदी जाते, तिला बांध घालून तलाव केला आहे. त्यावरच्या एका मोठ्या पुलाची १९८० साली दुरुस्ती झाली, तेव्हा खालच्या बाजूस अरुंद फटी राहिल्या आणि मेक्सिकोतून येणाऱ्या वटवाघळांनी त्यांत घर केले. लोक घाबरले. यांना मारून टाका, असे अर्ज झाले. पुढे १९८६ साली मर्लिन टटल नावाचे वटवाघळांचे अभ्यासक आपली संस्था घेऊन त्या शहरात राहायला आले आणि त्यांनी लोकांची समजूत घातली. आज त्या पुलाखाली उन्हाळ्यात सुमारे १५ लाख वटवाघळे असतात आणि संध्याकाळी ती बाहेर पडताना पाहायला माणसे तिकीट काढून जातात.

गेल्या ऑगस्टमध्ये मुलगी आणि जावई कयाकमधून गेले होते. कयाक म्हणजे एका-दोघांपुरती अरुंद होडी. एकाच वल्ह्याला दोन्ही टोकांना पाते असते. इंजिन नाही, आवाज नाही आणि माणूस पाण्याला टेकूनच बसलेला. एक वाटाड्या पुढे असतो. तो पुलाच्या अलीकडे सगळ्यांना थांबवतो, टॉर्च लावू देत नाही, आणि बजावतो की वर बघा, पण तोंड मिटून बघा! हे ऐकून आप्पा इतके हसले की जवळचा बगळा उडाला. मुलगी म्हणाली, "बाबा, पुलाखालून धुराचा लोट निघावा तशी ती निघाली. संपता संपेनात."

"पण साहेब," आप्पा म्हणाले, "तिकडे हौस आहे. आपल्याला त्याचा काय उपयोग?"

उपयोग कापसाचाच आहे. टेक्सासमध्येच सॅन अँटोनिओ शहराच्या नैऋत्येला कापूस पिकवणारे आठ जिल्हे आहेत. तेथे याच जातीची वटवाघळे किती बोंडअळी रोखतात याचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आणि २००६ साली प्रसिद्ध केला. तेथील बोंडअळी म्हणजे आपल्या हिरव्या बोंडअळीची चुलतबहीणच. वटवाघूळ अळी नव्हे, तिचा रात्री उडणारा पतंग खाते. अंडी घालण्याआधीच मादी पोटात गेली की पुढच्या सगळ्या अळ्या वाचल्या. वाचलेले पीक आणि वाचलेली फवारणी धरून हा फायदा वर्षाला सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलर निघाला. त्या भागातले कापसाचे सगळे उत्पन्न ४६ ते ६४ लाख डॉलरच्या घरात होते. हे आकडे तिकडचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्या शिवाराला लावू नयेत. पण रात्री पतंग खाणारे पाखरू तिकडे उपयोगी आणि इकडे निरुपयोगी, असे कसे होईल?

यानंतर जे सांगितले ते मी सहसा कोणाला सांगत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मी नोकरीत नवा होतो. बी.एस्सी. ॲग्री.ची पदवी ताजी होती. गावोगाव मित्रकीटकांचे पाठ देत असे, ढालकिडा, क्रायसोपा, ट्रायकोग्रामा. एका गावात जुन्या गढीत हजारो पाकोळ्या होत्या. लोकांनी मला विचारले, आप्पांनी विचारले तसेच. मी म्हणालो, द्या धूर. उभा राहून पाहिलेही. मोठ्या उडाल्या. ज्यांना उडता येत नव्हते ती पिले पटापट खाली पडली, नखाएवढी, बिनकेसांची. मादीला बहुधा वर्षाला एकच पिलू होते, हे मला नंतर वाचून कळले. अशी मोडलेली वसाहत पुन्हा भरायला वर्षे लागतात. त्या गढीत ती पुन्हा भरली नाही. शेतकऱ्याच्या मित्रांची यादी तोंडपाठ असलेल्या माणसाने मित्रच मारायला लावले. ही चूक मी कोणाच्या माथी मारू?

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग वासाचे काय करू?"

तो प्रश्नही खरा होता. त्यांना सांगितले तेच वाचकांनाही सांगतो. माडीच्या तक्तपोशीच्या फटी बुजवाव्या, म्हणजे लेंड्या राहत्या खोलीत पडणार नाहीत. माडीवर जुनी ताडपत्री अंथरावी. लेंड्या झाडताना आधी पाणी शिंपडावे, तोंडाला फडके बांधावे आणि त्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकाव्या. वटवाघळे घरातून काढणे भागच असेल तर पिले उडू लागेपर्यंत थांबावे, अंधार पडल्यावर सगळी बाहेर गेल्याची खात्री करावी आणि मगच भोक बंद करावे. मेलेल्या किंवा पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नये, मुलांना शिवू देऊ नये. झाडाखालचे उष्टे, चोच-दाताचे फळ खाऊ नये. आणि पाकोळ्या आहेत म्हणून कामगंध सापळे काढू नयेत, फरदड ठेवू नये. गुलाबी बोंडअळीला तेवढी एक पाकोळी पुरी पडणार नाही. मित्र मदतीला असतो, आपले काम त्याच्यावर टाकायचे नसते.

मेहरूणला कयाक नसली तरी काठ आहे. जळगावला कामाला आलात आणि गाडीला वेळ असला तर घरच्या मुलांना घेऊन तासभर तेथे बसा. तेही जमत नसेल तर आपल्या विहिरीच्या थारोळ्यावर किंवा पाझर तलावाच्या बांधावर बसा. अट एकच, गप्प बसायचे आणि टॉर्च लावायचा नाही.

आठची गाडी आप्पांनी जेमतेम गाठली. दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला. फटी बुजवल्या, ताडपत्री घातली, वास कमी झाला. धाकटा नातू रोज संध्याकाळी अंगणात उभा राहून माडीतून निघणाऱ्या पाकोळ्या मोजतो म्हणे. "शंभराच्या पुढे त्याला येत नाही," आप्पा म्हणाले, "म्हणून पुन्हा एकपासून धरतो."