चार गाठोडी

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी आमच्या घरी माळा उतरवण्याचा वार्षिक सोहळा झाला. पत्र्याचे रिकामे डबे, मोडका पाळणा, एका कानाची कढई अशा मंडळींच्या पाठोपाठ माझी चार गाठोडीही खाली आली. सौभाग्यवतींनी ती फडक्याने झटकली, ओळीने मांडली आणि कमरेवर हात ठेवून विचारले, "अहो, यांतले रद्दीत कोणते द्यायचे?"

"एकही नाही," मी म्हणालो.

"मग पुरे कोणते करायचे?"

पहिल्या प्रश्नाला उत्तर होते. दुसऱ्याने मात्र मला दिवसभर जमिनीवर बसवून ठेवले.

वाचकांना या गाठोड्यांची ओळख करून द्यायला हवी. पहिले समर्थांचे. रामदासांचा जन्म १६०८ सालचा, आमच्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा. तेव्हा जालना जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्या माणसाने त्यांच्यावर एक ग्रंथ लिहावा असे सगळ्यांनीच गृहीत धरलेले असते. दुसरे गाठोडे म्हणजे खरे तर बुटांचे खोके. ‘कामून’, ‘वसरी’, ‘बळद’, ‘माळवद’ असे आमच्याकडचे शब्द मी चिठ्ठ्यांवर टिपून त्यात टाकत आलो होतो. तिसरे एका ऐतिहासिक कादंबरीचे. भोकरदनच्या बाजूला असईची लढाई झाली ती २३ सप्टेंबर १८०३ रोजी. त्या दिवशी वेलस्लीने केळणा नदीचा उतार हेरून दुपारच्या दुपारी फौज पलीकडे नेली. माझा नायक सहा वर्षे अलीकडच्या काठावर घोडा धरून उभा आहे. घोडाही म्हातारा झाला असेल!

चौथे गाठोडे सर्वांत लहान. शाळकरी मुलांची एक दोनशे पानी वही. तिच्यात माझ्या आत्याने आणि तिच्या थोरल्या जावेने सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. चाळीसेक भरल्या असतील, पुढची पाने कोरी.

कोणते आधी घ्यावे? सौभाग्यवतींचे मत, जे लवकर संपेल ते. निदान एक तरी गाठोडे माळ्यावर परत जाणार नाही. महाविद्यालयातले एक सहकारी म्हणाले, "बढतीच्या वेळी काय मोजतात ते पाहा. ग्रंथ मोजतात, वह्या नाही." आणि ओव्यांचे नाव काढताच ते हसले. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवून ठेवल्या आहेत, हे त्यांना ठाऊक होते. "त्या लाखांत तुमच्या चाळीसांची काय भर?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. शिवाय समर्थांच्या ग्रंथासाठी एका प्रकाशकाने मार्चअखेरची मुदत दिली होती. मुदत असलेल्या कामाला एक प्रकारचा रुबाब असतो. ज्याला मुदत नाही ते बिचारे दाराबाहेर बसून राहते.

गंमत अशी, की वर्गात मी दरवर्षी इतिहासाचार्य राजवाड्यांवर तावातावाने बोलतो. इतिहास लिहिण्याची त्यांच्याइतकी ऐपत कोणाची होती? पण जुने कागद वाळवी खात असताना लिहीत बसणे त्यांना पटले नाही. ते गावोगाव दप्तरे शोधत हिंडले. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला आणि पुढे त्या मालेचे बावीस खंड झाले. १९२६ साली ते धुळ्याला वारले, तेव्हा त्यांचा धातुकोश छापून व्हायचा होता. तो त्यांच्या मागे इतरांनी काढला. हे सारे मुलांना सांगून मी टाळ्या घेतो. आणि घरी येऊन मी समर्थांचे गाठोडे सोडले.

त्याच्या महिनाभर आधी, पोळ्याला, मी आत्याच्या गावी गेलो होतो. मूग काढणीला आला होता आणि दोघी जावा बांधावर पदर खोचून उभ्या होत्या. मी म्हणालो, "आत्या, यंदा एवढे पुस्तक होऊ दे. पुढच्या वर्षी सावकाश बसू ओव्यांना." आत्याने माझ्या हातात टोपले दिले. "बसू की. आदी ह्या शेंगा तोड. मूग काय वाट पाहत न्हाई, एक ऊन जास्ती झालं की तडकतो. ही तूर बग, पुसापस्तोर उबी ऱ्हाती." तिला मजूर मिळत नव्हते, एवढाच त्या बोलण्याचा अर्थ होता. मी तास दीड तास शेंगा तोडल्या, कंबर धरली म्हणून बसलो, आणि थोरल्या जावेने मला हसून पाणी दिले.

माघात ती गेली. झोपेतच गेली.

मार्च आला, गेला. चैत्रात मी कोरी वही आणि मोबाइल घेऊन आत्यासमोर बसलो. जाते वसरीच्या कोपऱ्यात उपडे पडलेले. पिठाची गिरणी गावात आल्याला कैक वर्षे झाली. आत्याने खुंटा धरल्यासारखी मूठ केली, डोळे मिटले, दोन ओव्या नीट म्हटल्या. तिसरीला अडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली.

"ही तिनंच उचलायची," ती म्हणाली. "मी मागून धरायची. तिनं उचलल्याबिगर मला येत न्हाई रे."

त्या दिवशी सतरा ओव्या पुऱ्या झाल्या. नऊ अर्ध्या. अर्ध्यांच्या वरची ओळ मी मोकळी सोडली आहे. सहकाऱ्यांच्या त्या लाखांत या नऊ कोठे तरी असतीलही. मी शोधणार आहे. पण आत्याची जाऊ त्या कशा उचलत असे, ते त्यांत नसेल.

प्रकाशकाच्या दोन पत्रांना मी अजून उत्तर दिलेले नाही. समर्थ थांबतील असे वाटते. चारशे वर्षे ते छापले आणि वाचले जाणारच आहेत. कादंबरीचा नायक तर थांबण्यात तरबेज झाला आहे. बुटांच्या खोक्याचे मात्र मनाला लागून आहे, कारण ‘बळद’ म्हणजे काय हे विचारल्यावर गेल्या आठवड्यात वर्गातला एकही हात वर झाला नाही.

तूर्त दर रविवारी सकाळच्या एसटीने मी आत्याकडे जातो. खालच्या आळीत तिच्या जावेच्या माहेरची एक म्हातारी राहते, असे तिने परवा सांगितले. "तिला त्या समद्या येत असतील. पण कानानं बहिरी हाय, जवळ जाऊन वरडून इचार. आन् सकाळीच जा, दुपारून ती झोपती."