शेवंडीच्या शोधात

शेवंड ही आमच्या लहानपणी खाण्याची नव्हे, विकण्याची वस्तू होती. देवगडच्या दक्षिणेला आमचे गाव. १९८० च्या दशकात तिथे जाळ्यात शेवंड सापडली तर ती गाबीत बायकांच्या टोपलीत कधी येतच नसे. किनाऱ्यावरूनच ती बर्फात घालून दलालाकडे जाई, दलालाकडून मुंबईला, आणि तिथून पुढे तिची नुसती शेपटी गोठून परदेशी जाते, असे मोठी माणसे सांगत. आमच्या ताटात बांगडा, तारली, पेडवे. पाहुणा आला तर सुरमई. पाय तुटलेली, मिशा मोडलेली, म्हणजे दलालाने नाकारलेली शेवंड मात्र वर्षा-दोन वर्षांतून एखादी घरी येई. ओले खोबरे, लाल मिरची आणि दोन आमसुले एवढ्यावर आई तिचे सुके करी. तो वाटा पाच जणांत किती येणार? जिभेला ओळख पटेपर्यंत संपून जाई. अपुरी राहिलेली चव माणसाचा पाठलाग करते. माझा तिने चाळीस वर्षे केला.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही मॉरिशसला गेलो. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझी पत्नी. दोघेही मराठीच शिकवतो. ती भाषाविज्ञान, मी साहित्य. त्यामुळे आमच्या घरात कोणत्याही पदार्थाआधी त्याच्या नावावर चर्चा होते. विमानात बसल्याबसल्या मी जाहीर केले की या आठवड्यात एकदा तरी शेवंडीचे पोटभर आणि चांगले जेवण करायचे. "पोटभर आणि चांगले या दोन अटी आहेत," ती म्हणाली, "कोणती आधी सोडशील ते आत्ताच ठरव."

पहिले तीन दिवस पश्चिम किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये होतो. तिथे रात्रीच्या जेवणाच्या पत्रिकेत 'लँगुस्त थर्मिडॉर' होते, किंमतीच्या जागी 'बाजारभावानुसार' असे छापलेले, आणि शेजारी एक झोकदार चित्र. चित्रातल्या प्राण्याला दोन भरदार नांग्या होत्या. वाचकांना ठाऊक असेलच, पण तरी सांगतो: नांग्यांचा लॉबस्टर हा उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला. आपल्या शेवंडीला तशा नांग्या नसतात. लांब काटेरी मिशा, काटेरी पाठ, आणि खाण्याजोगे जवळपास सारे मांस शेपटीत. मॉरिशसच्या प्रवाळभिंतीवर मिळते ती याच कुळातली. म्हणजे पत्रिकेने नाव एकाचे दिले होते आणि तोंडवळा दुसऱ्याचा.

थर्मिडॉर हा फ्रेंच राज्यक्रांतीच्या पंचांगातला उन्हाळी महिना. रोबेस्पिअरचा पाडाव त्याच महिन्यात झाला, १७९४ साली. व्हिक्टोरिएन सार्दू यांनी त्या घटनेवर लिहिलेले नाटक १८९१ मध्ये पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले आणि दोन-तीन प्रयोगांत बंद पडले. पदार्थाचे नाव त्या नाटकावरून पडले असे सांगतात. नाटक बुडाले, पदार्थ तरला. वाङ्मयीन अमरत्वाचा हा प्रकार आमच्या अभ्यासक्रमात नाही. असो. ताटात जे आले ते चीज, मलई आणि मोहरीच्या थराखाली दडलेले काहीसे रबरी, गोठवून पुन्हा सैल केलेले मांस होते. शेवंडीचे मांस आगीवर मिनिटभर जास्त राहिले तरी दोरखंड होते. मेल्यावर पडून राहिली तर उलट ते पिठूळ होते. या ताटात दोन्ही दोष सुखाने एकत्र नांदत होते. बिल आले तेव्हा पत्नीने ते वहीत जपून ठेवले, 'संदर्भासाठी'.

चौथ्या दिवशी आम्ही आग्नेयेकडे माहेबूर्गला गेलो. एका ओळखीच्या शिक्षिकेने तिथल्या एका घराचा पत्ता दिला होता. दोन खोल्या पाहुण्यांना देतात आणि सांगितले तर जेवण करून घालतात. घरच्या बाई साठी उलटलेल्या, मराठी वंशाच्या. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर या बेटावर नेण्यात आले. त्यांतले बहुसंख्य भोजपुरी आणि तमिळ मुलखातले, पण मुंबई बंदरातून चढलेल्यांत रत्नागिरीकडची माणसे बरीच होती. त्यांच्या वंशजांनी गणपती टिकवला (गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते) आणि आपल्या जाखडीशी नाते सांगणारी 'झाकरी'ही टिकवली. घरातली बोली मात्र क्रिओल झाली. मराठी उरली ती देवघरात, शाळेत, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेसारख्या ठिकाणी.

बाईंची मराठी शाळेतली होती. मी त्यांना पहिल्याच भेटीत 'मावशी' म्हटले, त्यांनी मला 'गुरुजी' आणि पत्नीला 'बाई'. "आपण रात्री भोजन किती वाजता कराल, गुरुजी?" हे वाक्य मी इतक्या स्वच्छ उच्चारांत माझ्या महाविद्यालयात वर्षानुवर्षे ऐकलेले नाही. मी म्हटले, "मावशी, शेवंड मिळेल का?" त्यांना शब्द कळला नाही. मी हातांनी मिशा दाखवल्या, पाठीवरचे काटे दाखवले. "आ, लँगुस्त!" त्या हसल्या, मग थोड्या ओशाळून म्हणाल्या, "आमच्या पुस्तकात हा शब्द नव्हता."

तो आमच्या पुस्तकातही नाही. पाठ्यपुस्तकांत आंबा, मोर आणि पाऊस यांची मराठी भरपूर असते. मासळीबाजाराची मराठी जवळजवळ नसते. रत्नागिरीकडून निघालेल्या माणसाच्या तोंडी समुद्रजीवांची शेकड्याने नावे असणार. काही पिढ्यांनी त्याच्या पणतीला मराठी परत मिळाली ती समुद्र वगळून. शुद्ध, प्रमाण, कोरडी. रात्री पत्नीने आणखी एक भर घातली: 'लँगुस्त' आणि इंग्रजी 'लॉबस्टर' ही दोन्ही नावे लॅटिन 'लोकुस्ता'पासून आली, आणि लोकुस्ता म्हणजे टोळही. रोमन माणसाला शेतावरचा आणि समुद्रातला असे दोन्ही प्राणी एकाच शब्दात मावले. आपण मात्र शेवंडीला कशाचीच उपमा न देता स्वतंत्र नाव दिले, याचा मला उगाचच अभिमान वाटला.

मावशींचा भाचा मासेमार. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितले, वारा आहे, बाहेर जाता येणार नाही. मे महिन्यात तिकडे आग्नेयेचे वारे जोर धरू लागतात, आणि तिथली शेवंड राहते ती प्रवाळभिंतीच्या बाहेरच्या कडेला, जिथे लाटा फुटतात. यातली एक जात सापळ्यात सहसा शिरत नाही. तिला रात्री हातानेच धरावे लागते. थांबणे आले. थांबण्यात वाईट काही नव्हते. आम्ही माहेबूर्गच्या धक्क्यावर बसून भाच्याकडून २०२० ची हकीकत ऐकली. २५ जुलैला 'वाकाशियो' हे जपानी मालकीचे जहाज जवळच्या पॉइंट देस्नीच्या प्रवाळावर चढले. ६ ऑगस्टला त्यातून तेल गळू लागले, सुमारे हजार टन. सरकारची वाट न पाहता लोकांनी उसाची पाचट कापडात भरून लांबच लांब तरंगते बांध शिवले आणि खाजणात सोडले. ज्या उसासाठी पूर्वजांना इथे आणले, त्याचीच पाचट. मासेमारी काही महिने बंद राहिली. "त्या वर्षी आम्ही डब्यातले मासे खाल्ले," भाचा क्रिओलमध्ये म्हणाला आणि मावशींनी भाषांतर केले, "डब्यातील मत्स्य."

सहाव्या दिवशी वारा पडला. पहाटे भाचा एक शेवंड घेऊन आला. किलोभराची तरी असावी, जिवंत, उचलली की शेपटी खाली आपटणारी. मी मनातल्या मनात आमसुले मोजू लागलो. मावशींनी ती उलटी केली आणि त्यांचा चेहरा बदलला. शेपटीखाली नारिंगी अंड्यांचा घोस. अंडी धरलेली शेवंड पकडायला मॉरिशसच्या कायद्याने बंदी आहे. पण मावशी कायद्याचे काही बोलल्या नाहीत. त्या भाच्याला क्रिओलमध्ये इतके झपाट्याने बोलल्या की भाषांतराची गरज उरली नाही. भाच्याने माझ्याकडे बोट दाखवले: गिऱ्हाईक उद्या जाणार आहे. मावशींनीही माझ्याकडे पाहिले.

तो क्षण साधा नव्हता. चाळीस वर्षांची चव समोर मिशा हलवत होती, आणि मी होकार दिला असता तर पाहुण्याचा शब्द मोडणे त्यांना जड गेले असते. मला मुंबई आठवली. तिथल्या समुद्रात चपट्या जातीची शेवंड एके काळी टनावारी मिळे. १९८० च्या दशकात ट्रॉलरांनी ती अंड्यांसकट उपसली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती जवळपास नाहीशी झाली. मी म्हटले, "मावशी, सोडा तिला." भाचा तिला परत घेऊन गेला. जाताना काय पुटपुटला ते मावशींनी भाषांतरित केले नाही.

संध्याकाळी तो दुसरी घेऊन आला. नर, अर्ध्या किलोहून थोडा मोठा. म्हणजे 'पोटभर' ही अट सुटली. आई शेवंड उकळत्या पाण्यात टाकताना पाठ फिरवत असे. मावशींनी तसे केले नाही. आधी तासभर बर्फात ठेवली, ती निपचित झाल्यावर डोक्यावरून सुरी घालून एका दमात उभी चिरली. मग लसूण, थाइम, थोडी मिरची, लोणी. कवच खाली करून निखाऱ्यावर, आणि मांस पांढरे होताच खाली. वर लिंबू. बस्स. दाताखाली तंतू सुटत होते, गोडसर, आणि मागून हलकी खारट समुद्राची चव. आईच्या सुक्याशी तिचे काही साम्य नव्हते. पत्नी बराच वेळ काहीच बोलली नाही. आमच्या घरात ही दुर्मीळ दाद आहे.

मावशी मात्र आमच्याबरोबर बसल्या नव्हत्या. स्वयंपाकघरात त्यांचे ताट वेगळे होते: भात आणि खाऱ्या सुक्या मासळीचा टोमॅटोतला रुगाय. मी विचारले, तुम्ही शेवंड खात नाही का? "खाते ना, गुरुजी. परंतु ती हॉटेलला जाते. हॉटेल चांगले पैसे देते." पत्नीने न विचारता शेपटीचा एक तुकडा त्यांच्या ताटात ठेवला. त्यांनी तो परत आमच्या ताटात ठेवला. दोन-तीन वेळा ही देवघेव झाली. मग त्या म्हणाल्या, शेपटी नको, डोके द्या. रस डोक्यात असतो, पर्यटक ते टाकून देतात.

आम्ही तिघेही मग स्वयंपाकघरातच बसलो. त्यांनी डोक्याचे दोन भाग केले, एक स्वतःला, एक आम्हा दोघांत, आणि पाय तोडून कसे चोखायचे ते दाखवले. मला ते येत होते. कोकणात पाय तेवढे वाट्याला येत. जेवण झाल्यावर त्यांनी वही आणली आणि पत्नीला म्हणाल्या, "बाई, तो शब्द लिहून द्या." पत्नीने देवनागरीत 'शेवंड' लिहिले, पुढे 'स्त्री.' अशी खूण केली. मावशींनी तो दोनदा वाचला आणि अनेकवचन विचारले.